सत्ताविसाव्या वर्षी टक्कल: बाटली, गोळी की ट्रान्सप्लांट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, घर निपाणीत, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत. दोन वर्षांत कपाळाचे दोन्ही कोपरे वर सरकले आणि भोवऱ्यापाशी कातडी दिसायला लागली. वडील आणि मामा दोघेही टकले. मेडिकलमधून ५ टक्के मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं केसांचं औषध) आणून सहा आठवडे लावलं, केस आणखीच गळायला लागले म्हणून बंद केलं. केसगळतीच्या फिनास्टराइड गोळीनं पुरुषत्व जातं असं तालमीतल्या मित्रानं सांगितलंय. घरी स्थळं बघणं चालू आहे, तेव्हा कोल्हापुरात एकदाच केसांचं ट्रान्सप्लांट करून मोकळं व्हावं का?

आत्ता करू नका. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे तुमचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. औषधाविना ट्रान्सप्लांट केलं, तर पाच-सात वर्षांनी पुढे एक दाट पट्टी, तिच्यामागे मोकळं मैदान आणि भोवऱ्यात टक्कल अशी अवस्था येते. मग दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि मानेवरचा, जिथून काढून केस लावतात तो साठा तोवर अर्धा संपलेला असतो. आधी निदान वर्षभर औषधानं आहेत ते केस राखायचे. ट्रान्सप्लांटचा विचार त्यानंतर.

पण त्याआधी गळती कुठली हे नक्की करा. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप किंवा ऑपरेशन होऊन दोन-तीन महिन्यांनी डोकंभर मूठमूठ केस येतात, ती वेगळी गळती. ती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबते. रुपयाएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. खवले, पू किंवा दुखणं असेल, भुवया विरळ होत असतील, किंवा टकलाची कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसत नसतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. औषधाचं नंतर बघू. घरी एक चाचणी करता येते. पन्नास-साठ केसांचा झुपका बोटांत धरून मुळापासून टोकाकडे हलकेच ओढा आणि डोक्याच्या तीन-चार ठिकाणी हेच करा. दर वेळी पाच-सहाच्या वर केस हातात आले तर गळती जोरात आहे आणि दुसरं कारण शोधायला हवं. अनुवंशिक टकलात ही चाचणी बऱ्याचदा साधीच येते, कारण तिथे केस झपाट्यानं गळण्यापेक्षा बारीक होत जातात.

हे बारीक होणं समजलं की पुढचं सगळं समजतं. टाळूवरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, तीनेक महिने विश्रांती घेतो आणि गळतो; मग त्याच मुळातून नवा येतो. रोज ५० ते १०० केस जाणं हा त्याच चक्राचा भाग आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ज्यांच्या कपाळा-टाळूची मुळं त्याला संवेदनशील असतात, त्यांच्यात प्रत्येक फेरीला वाढीचा काळ घटतो आणि केस आखूड, बारीक, फिका येतो. उसाचा खोडवा दर वर्षी किरकोळ होत जावा तसं. शेवटी उरते ती लव. लव असेतोवर मूळ जिवंत आहे आणि औषधाला वाव आहे. गुळगुळीत झालेल्या जागी औषध फारसं काही उगवत नाही. कानांवरच्या आणि मानेवरच्या केसांना डीएचटीची फिकीर नसते, म्हणून म्हाताऱ्या टकल्यालाही ती झालर राहते.

त्या झालरीवरूनच अर्धे गैरसमज निकालात निघतात. अथणी-कागवाडकडच्या बोअरच्या सवळ पाण्यानं केस खरखरीत होऊन तुटतात हे खरं. पण पाण्यानं टक्कल पडत असतं तर मानेवरचे केसही गेले असते, आंघोळ तर सगळ्या डोक्यालाच घालतो. गळालेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढुरका गोळा असेल तर तो मुळापासून आलाय, नसेल तर मधेच तुटलाय. फाउंड्रीतल्या हेल्मेटनंही टक्कल पडत नाही. वारसा आईकडून की वडिलांकडून, हा वादही फुकटचा. संप्रेरक ओळखणारं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, म्हणून मामाचं नाव निघतं, पण बाकीची पुष्कळ जनुकं दोन्हीकडची असतात. तालमीतला खुराक निर्दोष आहे. जिममध्ये कोणी टोचत असलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं मात्र नाहीत. ज्याच्या रक्तात टक्कल आहे त्याचं ती काही वर्षं अलीकडे ओढतात. तुम्ही घेत असाल तर डॉक्टरांना तेवढं लपवू नका.

आता तुमची बाटली. सहा आठवड्यांनी केस जास्त गळले, म्हणजे औषध लागू पडत होतं असं समजायला हरकत नाही. मिनॉक्सिडिल विश्रांतीतल्या मुळांना वाढीच्या फेरीत ढकलतं, आणि नवा केस वर येताना जुना बाहेर पडतो. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात ही गळती होते आणि मग ओसरते. बहुतेक जण नेमके याच टप्प्यावर बाटली फेकतात. हे औषध मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून तिचं द्रावण झालं, आणि १९८८ साली अमेरिकेत २ टक्के द्रावणाला पुरुषांच्या टकलासाठी परवानगी मिळाली. ५ टक्के त्याहून सरस ठरलं आहे, तेच घ्या.

लावायची पद्धत चुकते ती अशी. डोकं ओलं असताना लावलं जातं, किंवा तेलावर लावलं जातं, किंवा अर्धं औषध केसांवरच सुकून जातं. औषध कातडीला लागलं तर उपयोग. केस पूर्ण कोरडे हवेत, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात याला वेळ लागतो, पंख्याखाली बसा. ड्रॉपरवरच्या खुणेपर्यंत १ मिली घ्या. विरळ भागात भांग पाडून पाच-सहा रेषा करा, प्रत्येक रेषेवर थोडे थेंब सोडा आणि बोटाच्या टोकानं पसरा. चोळायचं नाही. फक्त टकलावर नको. जिथे केस बारीक होतायत त्या सगळ्या भागावर, म्हणजे कोपरे, टाळू आणि भोवरा. हात साबणानं धुवा, चार तास डोकं भिजवू नका. झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून गालाला लागून तिथे केस येतात. अल्कोहोल असतं, ओल्या डोक्यानं विडी-सिगारेट पेटवू नका किंवा चुलीपुढे बसू नका. घरात मांजर असेल तर उशी आणि बाटली तिच्यापासून लांब ठेवा. थोडंसं मिनॉक्सिडिलही मांजराच्या जिवावर बेततं.

दिवसातून दोनदा १ मिली, म्हणजे ६० मिलीची बाटली महिन्यात संपायला हवी. ती दोन महिने पुरत असेल तर तुम्ही अर्धंच औषध लावताय आणि वर गुण नाही म्हणताय. शिफ्टमुळे दोनदा जमत नसेल तर एकदाच लावा, पण रोज. चुकलेली वेळ दुसऱ्या दिवशी दुप्पट लावून भरायची नाही. सकाळी लावलंत तर हेल्मेट घालण्याआधी अर्धा-पाऊण तास सुकू द्या. खाज आणि लाली आली तर बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलची; फेसाच्या रूपात मिळणाऱ्या याच औषधात, म्हणजे फोममध्ये, ते नसतं. फोम अर्धं टोपण पुरतो. उन्हाळ्यात तो बोटांवरच वितळतो, म्हणून आधी बोटं गार पाण्यानं धुऊन पुसायची. छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा पायाला सूज आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आईनं चोपडलेल्या खोबरेलाशी याचं भांडण नाही. आठवड्यातून एकदा रात्री तेल लावा, सकाळी शाम्पूनं काढा, मग औषध. माका, जास्वंद, कांद्याचा रस, किंवा हुणसूरकडचं म्हणून इथल्या प्रत्येक बाजारात मिळणारं आदिवासी तेल यांनी केस मऊ होतील, तुटणं कमी होईल. डीएचटीचा परिणाम थांबणार नाही. कोंडा असेल तर २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवा. कोंड्याची खाज राहिली तर मिनॉक्सिडिल सोसणं अवघड जातं.

गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, निकाल वर्षानं लावायचा. भोवऱ्यावर चांगला, कपाळाच्या कोपऱ्यांवर बेताचा. बंद केलं की तीन ते सहा महिन्यांत मिळालेलं जातं. हे पटत नसेल तर सुरूच करू नका, तेवढे पैसे वाचतील. रोज आरशात बघून काही कळत नाही. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच लांबीच्या केसांवर समोरून, वरून आणि भोवऱ्याचा असे तीन फोटो काढा.

मिनॉक्सिडिल केस वाढवतं, पण डीएचटीला हात लावत नाही. तो हात फिनास्टराइड लावतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत डीएचटी बनवणारं एन्झाइम जन्मतः कमी होतं. त्यांतल्या पुरुषांचं कपाळ मागे सरकत नाही आणि प्रोस्टेट लहान राहतं, हे १९७४ च्या सुमारास लक्षात आलं आणि त्या वाटेनं हे औषध आलं. आधी प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, मग १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅम. रोज एक, जेवणाआधी की नंतर यानं फरक पडत नाही. दोन वर्षांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांच्या केसांची संख्या घटली नाही. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या गोळीवर हेच प्रमाण २८ टक्के होतं. तुमच्या वयाला आणि तुमच्या टप्प्याला सगळ्यात जास्त काम करणारं औषध हेच.

मित्राच्या बोलण्यात काही तथ्य आहे, पण मापात. चाचण्यांत कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं किंवा वीर्याचं प्रमाण घटणं अशा तक्रारी गोळीवर ३.८ टक्के आणि खोट्या गोळीवर २.१ टक्के पुरुषांनी सांगितल्या. बहुतेकांच्या तक्रारी गोळी थांबवल्यावर गेल्या. थांबवल्यावरही तक्रारी राहिल्याचं काही थोडे पुरुष सांगतात, ते झटकून टाकू नये. मनाचं मात्र गांभीर्यानं घ्या. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं १ मिलिग्रॅम गोळीच्या दुष्परिणामांत आत्महत्येचे विचार येणं ग्राह्य धरलं. नैराश्याचा इतिहास असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही, निदान मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. सुरू केल्यावर मन खचलेलं वाटलं, लैंगिक तक्रार आली किंवा छातीत गाठ लागली, तर गोळी थांबवा आणि त्याच आठवड्यात दाखवा. दोनेक आठवड्यांत डीएचटी पूर्ववत होतं. सुरू करण्याआधी स्वतःची सध्याची स्थिती प्रामाणिकपणे लिहून ठेवा, नाहीतर लग्नाच्या धास्तीनं आलेली तक्रारही गोळीच्या नावावर जाते.

लग्नाचं निघालंच आहे म्हणून दोन गोष्टी. गरोदर बाईनं फुटलेली किंवा कापलेली गोळी हाताळू नये, मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या वाढीत दोष येऊ शकतो. स्वस्त पडते म्हणून ५ मिलिग्रॅमची गोळी चार तुकडे करून घेण्याची पद्धत आहे, आणि ती चालते, पण बायको गरोदर असताना घरात ती तोडातोड नको. दुसरं, मूल राहायला उशीर झाला आणि वीर्यतपासणीत संख्या कमी आली, तर आधी तीन महिने गोळी बंद करून पुन्हा तपासा. वडील प्रोस्टेटसाठी हेच औषध घेत असतील, तर त्यांचा पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी बघतात ती रक्तचाचणी) निम्मा दाखवतो हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत असावं. ही सगळी औषधं चिठ्ठीवर घ्यायची आहेत. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचा विभागात हे काम होतं, त्यासाठी झगमगीत क्लिनिक लागत नाही.

फिनास्टराइडच्याच जातीचं ड्युटास्टेराइड डीएचटी अधिक दाबतं. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते टकलासाठी मान्य आहे. पण ते शरीरात महिनोन् महिने रेंगाळतं, तेव्हा मूल व्हायचं असणाऱ्याला आधी हे देत नाहीत. कमी मात्रेच्या मिनॉक्सिडिल गोळ्या डॉक्टर हल्ली देतात. सोय मोठी, पण अंगभर केस, पायाला सूज आणि धडधड हे त्यांचे त्रास आहेत. रक्तदाब आणि हृदय बघितल्याशिवाय दुकानातून आणून घ्यायच्या नाहीत.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचणं. महिन्याच्या अंतरानं तीन वेळा, पुढे दर सहा महिन्यांनी. काहींना जोड म्हणून फायदा होतो, पण तयार करायची एकच ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे दोन क्लिनिकचं पीआरपी एक नसतं. गोळी आणि बाटलीचे पैसे कापून ते करू नका. डर्मारोलर, म्हणजे टाळूवर फिरवायचं बारीक सुयांचं रोलर, याबाबत मुंबईच्या सायन रुग्णालयातला २०१३ चा छोटा अभ्यास उत्साहवर्धक आहे: आठवड्यातून एकदा १.५ मिलिमीटर सुया, जोडीला मिनॉक्सिडिल, बारा आठवडे. घरी करताना सुया निर्जंतुक राहत नाहीत आणि लगेच वर मिनॉक्सिडिल ओतलं जातं. निदान चोवीस तास जाऊ द्या. एक्झोसोमच्या (पेशींतून निघणारे सूक्ष्म कण टाळूत टोचण्याच्या) नावानं कोणी मोठी रक्कम सांगितली तर उठून या; अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएनं असं एकही उत्पादन मंजूर केलेलं नाही. केसांसाठी म्हणून घेतलं जाणारं बायोटिन हे जीवनसत्त्व कमतरता असल्याखेरीज निरुपयोगी आहे, शिवाय ते थायरॉइडच्या रक्ततपासणीत चुकीचे आकडे दाखवतं, म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद करा.

वर्षभर औषध करून, फोटोंत गळती थांबलेली दिसली आणि तरी कोपरे खटकत असतील, तर मग ट्रान्सप्लांट. तिथला हिशेब समजून घ्या. मानेच्या झालरीतून मुळासकट काढलेल्या एका पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. त्यात एक ते चार केस असतात, सरासरी दोन. जाहिरातीतले '३००० केस' म्हणजे दीड हजारच ग्राफ्ट असू शकतात, म्हणून दर ग्राफ्टवर विचारा आणि लेखी घ्या. लावताना चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ ग्राफ्ट धरले, तर मिळून ५० चौरस सेंटिमीटर भरणाऱ्या दोन कोपऱ्यांना १७५० लागतात आणि १०० चौरस सेंटिमीटरच्या टाळूला ३५००. बहुतेकांच्या मानेतून आयुष्यभरात सुरक्षितपणे निघतात ते चार ते सहा हजार. म्हणजे सगळं डोकं भरत नाही. कपाळाची रेषा शाळकरी पोरासारखी खाली आखून घेतली की साठा तिथेच संपतो. जास्त उपसला तर मान वाळवी लागल्यासारखी ठिगळी दिसते, आणि ती पूर्ववत होत नाही.

डॉक्टर कोण, हे दरापेक्षा महत्त्वाचं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ही शस्त्रक्रिया त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करायची. मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकलेल्यांचं हे काम नाही. बेळगावात असाल तर क्लिनिकची केपीएमई नोंदणी (कर्नाटकात खासगी दवाखान्यांना लागणारी) भिंतीवर बघा. कोल्हापूरला निपाणीहून जवळ पडतं म्हणून जात असाल, तर डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधा. कर्नाटक कौन्सिलचीही तशी यादी आहे. विचारा: भूल कोण टोचणार, छेद कोण देणार, डॉक्टर पूर्ण वेळ असणार का. ॲड्रेनॅलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची, म्हणजे टाळू बधिर करायच्या औषधाची, मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या औषधाचे २१ मिली. हा हिशेब न ठेवता दिवसभर टोचत राहिलं तर जीव जाऊ शकतो. रक्तदाब, साखर, एचआयव्ही, कावीळ ब आणि क या तपासण्या न करता कोणी सुरीला हात लावत असेल तर तिथे थांबू नका.

नंतरचे दहा दिवस ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे. पहिल्या चार-पाच रात्री डोकं ४५ अंशांत उंच ठेवून उताणं झोपायचं. सलाइनचा फवारा क्लिनिक सांगेल तसा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते. घाबरू नका, बर्फ ग्राफ्टवर ठेवू नका. खपल्या सात ते दहा दिवसांत सुटतात, नखानं काढायच्या नाहीत. हेल्मेट दोन आठवडे नाही, म्हणजे गाडी आणि फाउंड्री दोन्ही बंद. तेवढी रजा आधी मंजूर करून घ्या. कुस्ती आणि पोहणं महिनाभर नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास लावलेले केस गळतात, मूळ आतच असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते उगवतात, पुढचा भाग वर्षभरात भरतो, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. आणि फिनास्टराइड चालूच.

यावरून तुमच्या लग्नाचं गणित मांडा. दोन-तीन महिन्यांतलाच मुहूर्त निघाला तर आत्ता सुरू केलेलं कुठलंच औषध फोटोत दिसणार नाही, उलट मिनॉक्सिडिलची पहिली गळती नेमकी तेव्हा येऊ शकते. चार महिन्यांहून कमी वेळ असेल तर गोळीचं डॉक्टरांशी ठरवा, बाटली लग्नानंतर सुरू करा. त्या दिवसापुरते केराटिनचे बारीक तंतू विरळ भागावर भुरभुरून वर स्प्रे मारला की भोवरा झाकतो. पण पावसात आणि घामात ते ओघळतात, आणि अक्षता काढताना सासूबाईंच्या हाताला लागतील. न्हाव्याकडून बाजू दोन नंबर मशीननं आणि वर थोडे लांब ठेवले, तर कोपरे निम्मे खटकतात. बघायच्या कार्यक्रमाला टोपी घालून जाऊ नका, ती काढायला लावतातच.